एक डोळा जुना, एक नवा

रंगांच्या बाबतीत मी नंबरावर चालते आणि माझ्या सासूबाई नजरेवर. कारंजा गावात आमच्या साडीच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा आहे. तिथे आमचं मॅचिंग सेंटर चालतं: ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. साडीचं दुकान यजमान बघतात, गाळा आम्ही दोघी. दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत फळ्या आणि फळ्यांवर टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, तागे उभे लावलेले. नवं गिऱ्हाईक आत येताना दारातच थबकतं, इतके रंग एकदम समोर येतात.

मी यादी करणारी बाई आहे. दुकानाची यादी वेगळी, घराची वेगळी, पर्युषणात काय लागतं त्याची वेगळी. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा गाळ्यात बसले तेव्हा ती भिंत पाहून मला अस्वस्थ झालं. कुठला रंग कुठे, याचा काही ठावठिकाणा नव्हता. आई, म्हणजे सासूबाई, अकोल्याला लेकीकडे गेल्या होत्या. मी कंपनीचं शेड कार्ड काढलं, प्रत्येक ताग्याला नंबराची चिठ्ठी टाचली आणि सगळी भिंत क्रमाने लावली. आई परत आल्या, चपला काढता काढता भिंतीकडे बघत राहिल्या.

"कोनी लावलं हे?"

"मी, आई. आता नुसता नंबर सांगितला की सापडतं."

"नंबर कोन सांगते? बाई काय नंबर नेसून येते का?"

असं म्हणून त्यांनी चिंतामणी रंगाचा तागा उचलला आणि वरच्या फळीवर गाजरीच्या शेजारी नेऊन ठेवला. मी म्हटलं, तो निळ्यांतला आहे, त्याची जागा खाली आहे. त्या म्हणाल्या, "निळ्यात ठेवला तं तो दिसतच नाही. इथं पाह्य, कसा उठून राह्यला." खरंच उठून दिसत होता. शेवटी तडजोड झाली. चिठ्ठ्या माझ्या, जागा त्यांच्या. आजही तसंच आहे, आणि मला हवा तो तागा डोळे मिटूनही काढता येतो, कारण प्रत्येक रंगाचे शेजारी मला आता पाठ आहेत.

पुस्तकांतली चित्रकला मला कळत नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी फक्त समास नीट आखायची. पण सौंदर्य म्हणजे काय याचं माझं शिक्षण त्या गाळ्यातच झालं, असं मी आता म्हणेन. आई गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायच्या तो ठरलेला: "काठाशी लावू का अंगाशी?" साडीच्या अंगाचा रंग घ्यायचा की काठाचा, यावर पुढचं सगळं. मग त्या साडीचा पदर आणि दोन-तीन तागे घेऊन बाहेर पायरीवर जायच्या. आतल्या दिव्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. दिवस कलला की मॅचिंग बंद. आमच्यात जेवण सूर्यास्ताच्या आधी, त्यामुळे त्या तशाही वर घरी जेवायला जायच्या, आणि एखादी बाई उशिरा आली तर मला जिन्यातून ओरडून सांगायच्या, "तिले म्हना उद्या ये. दिव्यात घेशील तं लग्नात रडशील."

खेड्यांवरून येणाऱ्या बायांना शेड कार्डावरची नावं ठाऊक नसतात. त्यांची आपली नावं असतात. एकदा एकीने मागितला "सोयाबीन सोंगाच्या आधी पान होते ना, तसा." सोंगणं म्हणजे कापणी. मी शेड कार्ड चाळत बसले. आईंनी विचारलं, "सोंगाच्या आठ दिवस आधीचा का दोन दिवस आधीचा?" बाई विचारात पडली आणि म्हणाली, "आठ दिवस आधीचा. थोडा हिरवा राह्यलेला." आईंनी तागा काढून दिला. दुसरीला तुरीच्या फुलाचा पिवळा हवा होता, आणि तो हळदीच्या पिवळ्याहून वेगळा असतो हे मला त्या दिवशी कळलं. माझं माहेर रिठदचं. तुरीच्या शेतांमधूनच मी शाळेत जायची. पण फुलाकडे रंग म्हणून पाहायचं असतं हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं. माहेरी दुकानात गूळ, मीठ आणि रॉकेल होतं. रंग म्हणजे डब्यांवरचं लेबल.

आईंची नजर कमी झाली हे सगळ्यात आधी मला पांढऱ्यावरून कळलं. देवळातल्या पूजेच्या कपड्यांसाठी आम्ही शुभ्र कापड ठेवतो. अकोल्याहून नवा गठ्ठा आला, आईंनी सोडून पाहिला आणि म्हणाल्या, "पिवळा पडलेला माल पाठवला. परत कर." मला तो दुधासारखा दिसत होता. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुले अजून पांढरं समजत नाही." गठ्ठा परत गेला. व्यापाऱ्याचा फोन आला. "भाभी, यापेक्षा पांढरा माल आणू कुठून? दूध पाठवू का मीटरवर?"

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. नेव्ही ब्लू आणि काळा यांत त्या गोंधळायच्या. मोरपंखी मागितला की हिरवा काढायच्या. पायरीवर आता त्या साध्या काळ्यासाठीही जात होत्या, आणि तिथे खूप वेळ उभ्या राहत. तुकडे परत यायला लागले. दोष कधी कंपनीच्या रंगाचा, कधी साडी धुतली म्हणून, कधी पावसाळी हवेचा. मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "आईच्या नजरेले मी नावं ठेवू? तू ठेवून पाह्य."

मी ठेवली. आमच्या इथे एका शिबिरात डोळे तपासत होते, तिथे मी त्यांना घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन सोपं आहे, भिंग बसवलं की झालं. घरी येऊन जिना चढताना आई मधेच थांबल्या.

"डॉक्टर भिंग बसवीन. मंग मले जे दिसन ते माह्या नजरेनं दिसन का त्याच्या भिंगानं?"

"दिसेल स्वच्छ. तेवढं महत्त्वाचं."

"शेजारची म्हने, तिले सगळं निळं दिसते ऑपरेशनपासून. मले निळं दिसाले लागलं तं मी त्या गाळ्यात कायले बसू? सांग. चहा प्याले?"

त्यांच्या त्या प्रश्नात सगळं होतं. घरात स्वयंपाक माझ्याकडे आला होता, हिशेब यजमानांकडे. त्यांच्याकडे ही एकच जागा उरली होती, आणि ती नजरेवर होती. ऑपरेशन केलं तर नजर बदलेल याची भीती, नाही केलं तर ती जातेच आहे. त्यांनी काहीच न ठरवायचं ठरवलं.

तेवढ्यात धनज गावची बाई आली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतली. तिच्या थोरल्या मुलींच्या लग्नातले ब्लाउज आईंनीच लावून दिलेले. आता धाकटीचं लग्न होतं. बरोबर नवरी मुलगी. साडी छान होती, पिकल्या जांभळासारखी, चंदेरी काठाची. माझ्याकडे बघून बाई हसली, पण साडी तिने आईंच्याच हातात दिली.

"काकू, हे शेवटची. तुमीच लावा."

"काठाशी का अंगाशी?"

"तुमाले जे वाटन ते."

आई पायरीवर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात आमसुली होता. साडीवर ठेवला. चंदेरी काठाच्या त्या जांभळ्यावर तो तपकिरी लाल रंग असा काही बसला, की साडीच मळकट दिसायला लागली. नवरी मुलीने आईकडे पाहिलं. आईने, म्हणजे धनजच्या बाईने, साडीकडे पाहिलं, मग आमच्या आईंकडे. आई फार समाधानाने बघत होत्या.

"झकास," बाई म्हणाली. "फाडा काकू."

आई नेहमी कात्रीने फक्त टोक मारतात आणि पुढे कापड फाडतात. तो फाडण्याचा आवाज त्यांना आवडतो. फाडून त्यांनी तुकडा घडी केला आणि पाण्याचा ग्लास आणायला वर गेल्या. त्या गेल्याबरोबर बाई काउंटरवर वाकून म्हणाली, "ताई, तो जांभया काढा लवकर. अंगाशी जाते तोच. याचेही पैसे देते मी, हाही राहू द्या पिशवीत. पन काकूले सांगू नका."

मी घाईत जांभळा कापला आणि तिच्या पिशवीच्या तळाशी घातला. "डोये दाखवा त्यांचे," बाई म्हणाली. "गेल्या साली आमच्या नणंदेलेही हिरव्यावर निळं देलं होतं. आमी बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ताग्यांवरची धूळ झटकत होत्या. जांभळ्याच्या ताग्यापाशी थांबल्या. कापडाच्या कडेवरून बोट फिरवलं. फाडलेल्या कडेला सुतं निघतात. ही कड गुळगुळीत होती, कात्रीची.

"हा तू कापला?"

मी हो म्हटलं.

"काल जांभया मागाले कोन आलं होतं?"

मला खोटं नीट जमत नाही. मी सगळं सांगितलं. हिरव्यावरच्या निळ्याचंही.

आई गादीवर बसल्या. झटकणी मांडीवर. रागावल्या नव्हत्या, त्यांना फार लाज वाटली होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. म्हणाल्या, "गावच्या गाव माही लाज राखून राह्यलं, आन मले पत्ता नाही." मग, "मले कोनी सांगतलं असतं तं मी भांडली असती. हेही खरं हाये." आणि मग, अगदी रोजच्या आवाजात, "फोन लाव डॉक्टरले."

अकोल्याला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. माझी तयारी चोख होती: थेंबांच्या वेळा, काळा चष्मा, रिपोर्टांची पिशवी, जेवण सूर्यास्ताआधी मिळेल याची व्यवस्था. पट्टी सुटली तेव्हा मी समोर उभी होते. आईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंच नाही. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं.

"सूनबाई, तो गठ्ठा पांढराच होता का?"

"पांढरा होता, आई."

"व्यापाऱ्याले सांगून दे."

घरी आल्यावर त्यांना एक खेळ सापडला. एक डोळा नवा, एक जुना. आळीपाळीने तळवा ठेवून त्या जगाकडे बघायच्या. या डोळ्याने भिंत पांढरी, त्या डोळ्याने तुपकट. या डोळ्याने आभाळ निळं, त्या डोळ्याने धुरकट. डाळीची वाटी, देवळाचा झेंडा, माझ्या साडीचा काठ. यजमान म्हणाले, "आई, येड्यासारखं दिसते ते." त्या म्हणाल्या, "तुह्या शर्टाचा रंग पाह्यला आत्ता. तो तुनं निवडला का सुनेनं?"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या गाळ्यात आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सगळं पुन्हा लावायला काढतील. त्यांनी एकेक तागा नव्या डोळ्याने पाहिला, मग जुन्या. काही ठिकाणी मान हलवली. शेवटी म्हणाल्या, "निळ्याचं चुकलं. बाकी शेजार बरोबर हायेत." निळ्यांच्या दोन फळ्या बदलल्या, बस. त्या दिवशी त्या खूप हलक्या पावलांनी जिना चढल्या.

पण दुसऱ्या डोळ्याची तारीख त्या घेईनात. कारण धनजची बाई पत्रिका द्यायला आली, आईंना सगळं कळलंय हे मी तिला सांगितलं, आणि तिने एक गोष्ट सांगितली. जांभळा ब्लाउज शिवून झाला होता, पण तिच्या सासूने, नवरीच्या आजीने, तो नापसंत केला. पिशवीतून आमसुली तुकडा काढून म्हणाली, हा एवढा चांगला जाते, हा सोडून ते काळपट काय शिवलं?

"ती म्हने, शेठानीची नजर ते शेठानीची नजर," बाई हसत म्हणाली.

आई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तिचं वय काय?"

"तुमच्यापरीस दोनेक वर्सं पुढं असन."

बाई गेल्यावर आई मला म्हणाल्या, "पाह्यलं? माह्या वयाच्या बायांले असंच दिसते. त्यांचं मॅचिंग तू नंबरावर करशील तं त्यांले ते विटकं दिसन. हा डोया मी ठेवते."

आणि खरंच, पुढचे काही आठवडे त्यांनी तो डोळा धंद्याला लावला. तरुण मुलगी आली की डावा डोळा मिटायचा. म्हातारी आली की उजव्यावर तळवा. एकदा एक सून आपल्या सासूला घेऊन आली. आईंनी सासूला लावून दिलेला तुकडा पाहून सून कुजबुजली, "मावशी, हा साडीवर नाही जात." आई म्हणाल्या, "तुले घालाचा हाये का तिले?" सासू तर खूश होऊन गेली. मी मात्र वैतागले. एक रंग दोन जणींना दोन तऱ्हांनी बरोबर असतो, हे माझ्या शेड कार्डात बसत नाही. पण रात्री हिशेब लावताना विचार आला की नेसणारीला साडी दिसते तशी आणि बघणाऱ्याला दिसते तशी, या दोन साड्या आहेतच. आपण आजवर बघणाऱ्याचाच विचार केला.

धनजच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो. नवरी बोहल्यावर आली, जांभळ्या साडीत आणि जांभळ्या ब्लाउजमध्ये. चंदेरी काठ उन्हात छान चमकत होता. आमच्या शेजारच्या खुर्चीत नवरीची आजी येऊन बसली. बारीक, ताठ, डोक्यावरून पदर.

"शेठानी, तुमच्या सुनेनं काय रंग देला. साडीवर जाऊनच नाही राह्यला."

आईंनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. नीट पाहिलं.

"खरं हाये बाई. नाही जात."

"आई, नव्या डोळ्याने पाहा ना," मी म्हटलं.

त्यांनी तळवा डाव्या डोळ्यावर नेला. "आता जाते."

आजी संशयाने बघत होती. "हे काय चाललं? मांडवात बसून डोये मारून राह्यल्या का या वयात?"

आई खुदकन हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, हा जुना, हा नवा. आजीने तोंड जवळ आणून त्या नव्या डोळ्यात निरखून पाहिलं, जणू आत कुणी बसलं आहे.

"दुखते का?"

"तिखट गेल्यावानी होते. मंग काही नाही."

"माह्या पोरानं धा खेपा म्हटलं. मीच नाही म्हनते. मले दिसते ना."

"काय दिसते? तुह्या नातीची साडी कोन्या रंगाची हाये?"

"चॉकलेटी."

मला वाटलं, आई विषय बदलतील. गावाने त्यांची लाज राखली होती, तशी त्याही हिची राखतील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग आजीच्या हातावर हात ठेवला.

"जांभयी हाये, बाई. पिकल्या जांभयाची. आन काठ चांदीचा."

आजी बोहल्याकडे बघत राहिली. मंगलाष्टकं चालू होती, लोक अक्षता टाकत होते. हिच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या.

"मले कोनी सांगतलं नाही," ती म्हणाली.

"मलेही नव्हतं सांगतलं."

"घरात ती साडी महिनाभर ठेवेल होती. मी घडी घातली तिची." तिने पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने आईंना हळूच मारलं. "आधी काहून नाही बोलल्या?"

"मीच कालपर्यंत आमसुली देत होती."

अक्षता संपल्या, वाजंत्री सुरू झाली. आई माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, डॉक्टरले फोन लाव. माहा दुसरा आन हिचा पयला. एकाच दिवशी घेतो म्हना."

"आणि तुमच्या वयाच्या बायांचं मॅचिंग कोण करणार मग?"

"एकेकीले नेऊ दवाखान्यात. गाडी हाये ना आपली?"

मी तिथेच फोन काढला. आजीच्या मुलाचा नंबर घेतला, तिला साखर आहे का विचारलं, तिने आहे म्हटलं, मी ते लिहून घेतलं. ऊन उतरायच्या आत घरच्यांनी आमची ताटं आधी वाढली. आजीची पंगत अजून नव्हती, तरी ती आमच्याशेजारी येऊन बसली आणि समोरून जाणाऱ्या बायांकडे बोट दाखवायला लागली. हिची कोनती? आई जेवता जेवता सांगत होत्या. हिची मोरपंखी. हिची राणी. ती वांगी. ती नाही का, तुही पुतनी, तिची पिस्ता. आजी प्रत्येकीला मान डोलवत होती, जणू या बाया तिला पहिल्यांदाच भेटत आहेत.

मग एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन गेली. आई घास हातात धरून बघत राहिल्या.

"हिची?"

"थांब," आई म्हणाल्या. "हे तू तुह्या नव्या डोयानंच पाह्य."